थंडी फक्त तुमच्याच घरात

हेर्नोसांद, ८ जानेवारी १९८७

इल्वा पोरी,

तुझं नाताळचं पार्सल पोचलं. मोजे अगदी मापाचे निघाले. आत्ता पायातच आहेत, आणि त्यांच्यावर तुझ्या आल्रिककाकांचे जुने मोजे. आज माझं अक्षर बघून हसू नकोस. कागदावर कोंबडी नाचून गेल्यासारखं दिसतंय खरं, पण हातमोजे घालून लिहिणं सोपं नसतं. हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण शाईने लिहिलं ते लिहिलं, आता खोडत बसत नाही.

तर, घाबरू नकोस. डिसेंबरातल्या ल्युसियाच्या सणापासून हीटर जरा रुसलाय, एवढंच. हात लावला तर मेलेल्या माशासारखा लागतो. मागची खोली मी बंद केली, दाराखाली सतरंजी कोंबली आणि स्वयंपाकघरात संसार मांडला. तुझा पलंग तिकडेच राहिला बिचारा, त्या अंधारात. आज गुरुवार, म्हणून रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप केलं आणि निम्मं प्यायले, निम्म्याने हात शेकले.

सोमवारी घरमालक रिडमार्क स्वतः आले होते. मागच्या वर्षी ही इमारत त्यांनी घेतली ना, तेच. कोट, मफलर, केसाळ टोपी, सगळं अंगावर ठेवूनच खुर्चीच्या कडेवर टेकले. कढत कॉफीचे दोन कप घेतले आणि म्हणाले, "बाई, मला तर इथे काही गार वाटत नाही. आणि खरं सांगू? अख्ख्या इमारतीत तक्रार करणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. वय झालं की थंडी हाडांत शिरते, त्याला बॉयलर काय करणार?"

मग खिशातून एक कागद काढला. मी स्वखुशीने घर सोडते, असं लिहून द्यायचं. बदल्यात दवाखान्यामागच्या नव्या इमारतीत एक खोली, लिफ्टसकट. महिनाअखेरपर्यंत काय ते सांगा म्हणाले.

मला हे घर सोडायचं नाही, इल्वा. लग्न झाल्यापासून मी इथे आहे. आल्रिक या खिडकीशी बसून बंदरातला बर्फ फुटायची वाट बघायचे, आता मी बघते. त्या नव्या इमारतीतून काय दिसणार, दवाखान्याचं धुराडं.

शेजाऱ्यांना विचार, असं म्हणशील. असं कुणी कुणाला विचारतं का? जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराआड थांबते आणि जिना मोकळा झाला की बाहेर पडते. तेही तेच करतात. सभ्य माणसांची इमारत आहे आपली.

आणि फोन करू नकोस. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून गावाचं बोलणं कानात घेतलंय मी. आता कानांना पेन्शन दिली आहे. लिहायचं ते लिहून कळव.

आमच्या जावयाला, योरानला, माझा आशीर्वाद सांग.

तुझी
हिल्दूर मावशी


मालमो, १३ जानेवारी

अगं मावशी,

"हीटर रुसलाय" म्हणे! तू हातमोजे घालून पत्र लिहितेस आणि मी इथे सदऱ्यावर बसून वाचते! रेडिओवर रोज तुमच्याकडचा पारा सांगतात, आणि मी रोज स्वतःची समजूत घालत होते, की मावशीचं घर उबदार असेल.

तू इकडे ये. लगेच ये. माझ्याकडे जागाच जागा आहे. बाहेरच्या खोलीतलं ते मोठं टेबल आता नाही, तिथे तुझा पलंग आरामात मावेल. हीटर इतके तापतात की मी खिडकी उघडून झोपते. मटणाचे गोळे करायला घेतले की दोघांना पुरतील एवढे होतात आणि निम्मे टाकावे लागतात. तू असलीस तर तेवढं अन्न तरी वाया जाणार नाही.

रागावू नकोस, पण एक सांगू? तो माणूस म्हणतो त्यात थोडं तथ्य असेलही. आईलाही शेवटी शेवटी भर उन्हाळ्यात थंडी वाजायची, आठवतं? शाल घेऊन बसायची आणि आम्हाला म्हणायची, तुम्हीच वेडे. बाकी कुणीच तक्रार करत नसेल तर बॉयलर ठीकच असणार ना! त्याच्याशी भांडून तुझ्या जिवाला घोर लावून घेऊ नकोस. सही कर आणि गाडीत बस. वसंतात आपण दोघी समुद्रावर फिरायला जाऊ. मी आत्ताच ठरवायला लागलेय बघ, कुठे कुठे जायचं ते!

लवकर लिही. रोज पत्रपेटी उघडते.

तुझीच
इल्वा


हेर्नोसांद, १८ जानेवारी

इल्वा,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

तुझं खरंही असेल. थर्मामीटर बारा अंश दाखवतं, पण तेही जुनं, माझ्यासारखंच. तुझी आई माझी सख्खी बहीण. तिला झालं ते मलाही होत असेल. काल मी हातमोजे काढून गालाला हात लावला, तर गाल गार की हात गार तेच कळेना. माणसाला स्वतःच्या कातडीचा भरवसा वाटेना झाला, की मग वाद कसला घालायचा?

बुधवारी रिडमार्क येणार आहेत. सही करीन म्हणते. मालमोला येईन की दवाखान्यामागे जाईन, ते मग बघू. तुम्हा नवराबायकोच्या मध्ये म्हातारीची अडगळ कशाला.

खिडकीतून बंदर दिसतंय. सगळं पांढरं.

हिल्दूर


हेर्नोसांद, २० जानेवारी

इल्वा! इल्वा!

परवाचं पत्र जाळून टाक! फाडू नकोस, जाळच! मी सही करणार नाही. मेले तरी नाही, आणि आता तर मरायला सवडही नाही!

ऐक. नीट बसून वाच, कारण मी काय केलं ते ऐकून तुला घेरी येईल. काल मी धुण्याच्या खोलीत माझी वेळ नसताना गेले.

हो, मी! जिने आजवर एकदाही पाटीवरचं दुसऱ्याचं नाव ओलांडलं नाही, ती हिल्दूर. तळघरातली, सगळ्या इमारतीची मिळून असलेली ती खोली तुला माहीत आहे. पाटीवर ज्याचं नाव, त्या वेळेत तिथे दुसऱ्याने पाऊल टाकणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी मारण्यासारखं. पण काय झालं, पिशवी घ्यायला खाली गेले तर कपडे वाळवायच्या खोलीच्या दाराखालून ऊब आली. तिथला पंखा विजेवर चालतो ना, बॉयलरशी त्याचं देणंघेणं नाही. पाय आपोआप वळले. म्हटलं, दोन मिनिटं उभं राहायचं आणि निघायचं. दार उघडलं.

आत दुसऱ्या मजल्यावरचे बाकलुंड बसलेले! कागद गिरणीतले निवृत्त फोरमन, मिशीला पीळ देणारे, माझ्याशी वर्षातून दोनदा "नमस्कार" बोलणारे. पालथ्या बादलीवर बसून, शेजारी थर्मास ठेवून, पाय सरळ गरम हवेच्या झोतात! मला बघून असे ताडकन उठले की बादली घरंगळत गेली.

"माझी वेळ नाही," ते म्हणाले.

"माझीही नाही," मी म्हणाले.

दोघं लाजेने लालबुंद. चोर चोराच्या घरात सापडावा तशी गत. पळावं कुठून? आणि तेवढ्यात मागून दार उघडलं. तिसऱ्या मजल्यावरची आयला, ती फिनलंडची मुलगी, कडेवर तान्हं बाळ आणि हातात धुण्याची टोपली. वेळ तिची होती! मी म्हटलं, संपलं, आता दारावर चिठ्ठी लागणार, सगळ्या इमारतीत छी-थू होणार.

आयलाने आमच्याकडे बघितलं, माझ्या दोन स्वेटरांकडे बघितलं, बाकलुंडांच्या पायांकडे बघितलं, आणि टोपली खाली टाकून रडायलाच लागली.

"तुम्हालापण थंडी वाजते?" ती म्हणाली. "मला वाटलं मीच आळशी आई आहे. रिडमार्क म्हणाले, बाकी कुणाची तक्रार नाही, तूच बाळाला नीट गुंडाळत नाहीस. मी रोज धुण्याची वेळ लावते, कपडे नसले तरी. बाळाला इथे झोपवते."

बाकलुंडांनी मिशी चावली. "मला म्हणाला, तुम्ही एकटेच कुरकुरता. म्हातारे झालात, पाय बधिर झालेत."

"आणि मला म्हणाला, हाडांत थंडी शिरली."

मग आम्ही तिघं एकमेकांकडे बघतच राहिलो. सगळ्यांना तेच वाक्य! एकाच फडक्याने सहा घरं पुसली त्याने! त्याला पक्कं ठाऊक होतं की आम्ही एकमेकांना विचारणार नाही. आम्ही आपले दाराला कान लावून, जिना मोकळा होईपर्यंत, सभ्यपणाने गारठत बसलो!

हसू आलं, इल्वा. आधी आयलाला, मग मला. बाकलुंड हसतात तेव्हा किटली उकळल्यासारखा आवाज येतो. संध्याकाळपर्यंत आम्ही उरलेल्या तिन्ही दारांवर थाप मारून आलो. थाप! बेल नाही, थाप! प्रत्येक दारात स्वेटर घातलेला माणूस आणि प्रत्येकाच्या तोंडी तेच, "मला वाटलं मीच."

मी वेडी नाही, पोरी. माझी कातडी ठीक आहे. माझं थर्मामीटरही ठीक आहे!

आता पुढे काय करायचं ते मात्र आम्हाला कुणालाच माहीत नाही. बाकलुंड म्हणतात, भाडं बंद करू आणि नाक दाबू. तू शहरात आहेस, विचार कुणाला तरी. पळत जा!

हिल्दूर


मालमो, २३ जानेवारी

माझ्या मावशे,

पत्र मिळालं तशी जेवणाची सुट्टी सोडून मी भाडेकरू संघाच्या कचेरीत पळाले. खरंच पळाले, बर्फावरून, एकदा आपटलेही. तुझं पत्र मी तिथल्या माणसाला वाचून दाखवलं, बादली घरंगळते तिथे तो खुर्चीवरून पडायचा राहिला.

आधी सगळ्यात महत्त्वाचं, हे बाकलुंडांना आत्ताच्या आत्ता सांग: भाडं थांबवू नका! रिडमार्क त्याचीच वाट बघत असणार. भाडं थकलं की तुम्हाला बाहेर काढायला त्याला कायदेशीर कारण मिळेल. तुमचा पैसा त्याच्या हाती पडू नये असं वाटत असेल तर तो सरकारी कचेरीत जमा करता येतो, वादाचा निकाल लागेपर्यंत. ते भाडं दिल्यासारखंच धरतात. पण त्याची एक रीत आहे. तुमच्या गावातल्या संघाच्या शाखेत जाऊन, विचारूनच करा. घरी बसून मनाने नाही.

तो माणूस एक छान बोलला. म्हणाला, भाडं आपण नुसत्या भिंतींचं देत नाही, उबेचंही देतो. ऊब मिळाली नाही तर भाड्यात सूट मागायचा हक्क आहे, आणि बॉयलर दुरुस्त करून घ्यायचा तर आहेच आहे. तू एकटी असतीस तरी हक्क होता, मावशी. हे त्याने मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा मी मान खाली घातली. मी तुला सही कर म्हटलं होतं. तुझ्या बाजूने उभं राहायचं सोडून मी त्या टोपीवाल्याची री ओढली. मला माफ कर.

आता थर्मामीटर. खिडकीत ठेवू नका, नाहीतर तो म्हणेल खिडकीमुळे पारा उतरला. खोलीच्या मधोमध, टेबलाच्या उंचीवर ठेवा आणि सगळ्या घरांत रोज एकाच वेळी बघा. सगळ्यांच्या सहीने मालकाला रजिस्टर पत्र पाठवा. नगरपालिकेच्या आरोग्य खात्याला कळवा, ते तपासायला माणूस पाठवतात. आणि त्या कागदावर सही करू नकोस, तो कितीही गोड बोलला तरी.

मी इथे माझ्या कचेरीत सगळ्यांना तुमची गोष्ट सांगतेय. रोज विचारतात, "काय झालं मावशीचं?" कित्येक महिन्यांत मी एवढं बोलले नव्हते.

योरान बरा आहे. कामात असतो.

इल्वा


हेर्नोसांद, २८ जानेवारी

इल्वा,

तुझं पत्र फोडलं आणि पहिल्याच ओळींवर मी उठले. बाकलुंड सकाळीच म्हणाले होते, आज जाऊन त्या माणसाला तोंडावर सांगतो, एक पै मिळणार नाही! मी सपातांसह जिन्यावरून धावले. ते कोट घालून दारात उभे, हातात काठी. "थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की चारी दारं उघडली. आता आमच्याकडे दारं पटकन उघडतात.

भाडं वेळेत भरलं. पत्र गेलं, रजिस्टरने. आणि काल आरोग्य खात्याच्या एल्फविंगबाई येऊन गेल्या. उंच, शांत बाई, कॉफीखेरीज काही घेत नाहीत. सगळी घरं हिंडल्या, पारा बघून ओठ आवळले. तळघरात गेल्या आणि वर येऊन म्हणाल्या, बॉयलरचं गरम पाणी घरांत फिरवणारा पंप जळालाय, आणि तो आजचा नाही. पण मग असंही म्हणाल्या, की हुकूम मी काढीन, तो अपील करील. तुम्ही खिडक्या उघड्या ठेवल्या म्हणेल, त्याच दिवशी बिघडलं म्हणेल. त्यात वसंत येईल. "त्याने स्वतःच्या तोंडाने चारचौघांत कबूल केलं, तर सोमवारी माणूस येईल दुरुस्तीला."

स्वतःच्या तोंडाने! तो? कोट-टोपी घालून बसतो आणि म्हणतो गार वाटत नाही!

आणि तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला. इल्वा, कोट!

मागच्या बुधवारी तो सहीसाठी आला तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, एवढ्या मोठ्या गोष्टीचा निर्णय उभ्याउभ्या नको, सात तारखेला शनिवारी रीतसर कॉफीला या, तेव्हा काय ते ठरवू. खरं म्हणजे वेळ मारून न्यायला म्हटलं होतं. तो खूश झाला, कागद घेऊन येतो म्हणाला.

रीतसर कॉफी म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. बिस्किटांचे सात प्रकार, आणि पाहुण्याने सातही खायचेच! आयलाच्या भट्टीला आदले दोन दिवस विश्रांती मिळणार नाही. एल्फविंगबाईंनाही बोलावलंय, कॉफीपुरतं.

तुझ्या पत्रात योरानला एक ओळ मिळाली. त्याआधीच्यात एकही नव्हती. मी विचारत नाही. नुसतं मोजलं.

हिल्दूर


हेर्नोसांद, १० फेब्रुवारी

इल्वा, माझ्या सोन्या,

हे पत्र मी हातमोज्यांशिवाय लिहितेय. बघ अक्षर!

शनिवारी दुपारी तो आला, बगलेत कागदाचं पाकीट. आमच्या रजिस्टर पत्राचा उल्लेखही नाही; म्हातारीने सही केली की बाकीचे आपोआप निवतील, असा हिशोब असणार. दारात बाकलुंड, काळ्या सुटात, मिशीला तूप लावून. "परवानगी द्या," म्हणाले आणि त्याच्या खांद्यावरून कोट काढूनही घेतला. मफलर घेतला. टोपी घेतली. रीतसर कॉफीला कोट घालून बसतो तो माणूस कसला! त्याला नाही म्हणता येईना. मग बूट. मोजे निघाले रेशमी, तलम, नाचायला जाताना घालतात तसले. बाकलुंड कोट घेऊन गेले, ते खोलीतल्या खुंटीकडे नाही. थेट दुसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या कपाटात.

आत सगळी इमारत बसलेली. तो जरा चपापला. "एवढी मंडळी?"

"निरोप द्यायचा तर सगळे हवेतच," मी म्हटलं. आणि कुणाचा निरोप, ते काही बोलले नाही.

टेबलाच्या मधोमध, बशांच्या घोळक्यात, एल्फविंगबाईंचं थर्मामीटर. त्यांना मी "नगरपालिकेतल्या बाई" म्हणून ओळख करून दिली. त्याने हसून हात मिळवला आणि कागद काढायला लागला. "आधी कॉफी," मी म्हटलं. कॉफी चिनीमातीच्या किटलीत. पहिला कप कोमट, दुसरा नुसताच ओला.

वेलदोड्याचा पाव झाला. मग केक. मग एकेक बिस्कीट, हळूहळू, क्रमाने, प्रत्येकाचं कौतुक करत. एकही सोडता येत नाही, नाहीतर घरच्या बाईचा अपमान. आणि मी तर प्रत्येकाची कृती सांगत होते! बदामाच्या बिस्किटाला त्याने पाय एकमेकांवर चढवले. जॅमच्या बिस्किटाला हात काखेत गेले. आम्ही सगळे आपापल्या स्वेटरांत बसलेलो. आयलाचं बाळ तर तीन शालींत, नुसतं नाक बाहेर. कुणी थंडीचा शब्द काढला नाही. हवापाण्याच्या गप्पा, बंदराच्या गप्पा. मला आतून नुसत्या हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या.

शेवटून दुसऱ्या बिस्किटाला त्याचे दात वाजले. खरंच वाजले, इल्वा, बशीला ऐकू जातील एवढे! आणि तो उठलाच.

"माझा कोट कुठाय? अहो, काय चाललंय काय! या घरात माणूस गारठून मरेल!"

एल्फविंगबाईंनी थर्मामीटरकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं.

आणि आयला, आमची गरीब आयला, बाळाला थोपटत अगदी गोड आवाजात म्हणाली, "असं कसं म्हणता साहेब? अख्ख्या इमारतीत तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात."

मग काय विचारतेस! बाकलुंडांची किटली फुटली. मी टेबलावर डोकं ठेवून हसले. त्याचं तोंड आधी पांढरं, मग बीटरूट. एल्फविंगबाई मात्र अजिबात हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, पंप कधीपासून बंद आहे? आता काय खोटं बोलणार? नाताळाआधीपासून, म्हणाला. दुरुस्ती सोमवारी होईल ना? होईल. आणि या सगळ्या दिवसांची भाड्यात सूट? त्याने मान हलवली, वरखाली. तो दाराकडे निघाला तेव्हा बाकलुंड आडवे उभे राहिले. "अजून सातवं राहिलं," म्हणाले. त्याने ते खाल्लं, उभ्याने, मगच कोट मिळाला. त्याचं पाकीट टेबलावरच राहिलं. त्यातल्या कागदात आयलाने उरलेला केक बांधून नेला.

काल पंप बसला. दुपारी भिंतीत आधी खाकरल्यासारखं झालं, मग टकटक, मग पाणी धावल्याचा आवाज. मी हीटरला गाल लावून उभी होते. गरम झाला तशी मी रडले आणि दार उघडून जिन्यात आले. बघते तर सगळे जिन्यात, एकेक हात हीटरवर ठेवून आल्यासारखा पुढे धरून. कुणी पावलांचा कानोसा घेतला नव्हता. सगळे एकदमच बाहेर आले होते.

आता तुझ्याबद्दल.

मी मालमोला येणार नाही. मला ऊब आहे, बंदर आहे आणि शेजारी आहेत. पण एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं बसून मी एक शिकले. लाईनवर माणूस काय बोलतो त्यापेक्षा काय गाळतो, ते ऐकायचं. मोठं टेबल गेलं. अन्न निम्मं टाकावं लागतं. कित्येक महिन्यांत एवढं बोलले नव्हते, म्हणतेस. योरान "बरा आहे". तू मला ये म्हणालीस ते माझ्या थंडीसाठी नव्हतं ना, पोरी? तू स्वतः गारठली आहेस आणि दाराआड उभी आहेस, जिना मोकळा व्हायची वाट बघत. आणि तुला वाटतंय की सगळ्या इमारतीत तू एकटीच.

मी मागची खोली उघडली आहे. दाराखालची सतरंजी काढली, गादी हीटरला टेकवून शेकली. तुझा पलंग कालपासून उबदार आहे. ये. मला सांभाळायला नाही. मला आता कुणाची गरज नाही. तुला गरज आहे म्हणून ये.

मावशी


मालमो, १३ फेब्रुवारी

मावशी,

योरान ऑक्टोबरात घर सोडून गेला. टेबल त्याचं होतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ना कचेरीत, ना तुला. नाताळच्या पार्सलवर त्याचंही नाव मीच लिहिलं. लोक म्हणतील हिलाच संसार धरता आला नाही, बाकी सगळ्यांचं तर छान चाललंय.

तुझं पत्र वाचून मी जिन्यात गेले आणि शेजारच्या दारावर थाप मारली. बेल नाही, थाप. म्हटलं, आठवडाभर झाडांना पाणी घालायला किल्ली ठेवायची होती. तिथे सिग्ने नावाच्या एक बाई राहतात, तुझ्याच वयाच्या. नाव मला आज कळलं. त्यांनी किल्ली घेतली, हात मात्र सोडला नाही. म्हणाल्या, "भिंतीतून तुझं रडणं ऐकू यायचं ग. कितीदा तुझ्या दारापर्यंत आले. मग वाटलं, तुला आवडणार नाही."

आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. मी सगळं सांगितलं आणि तुझ्या सात बिस्किटांचंही सांगितलं. डोळे पुसता पुसता हसत होतो. त्यांनी मला सांगितलंय की बाकलुंडांच्या मिशीचं नीट बघून ये आणि येऊन सगळं सांग.

रविवारच्या गाडीने निघतेय. स्टेशनवर येऊ नकोस, घसरशील. आयलाला सांग, भट्टी तापव. बाकलुंडांना सांग, दारात उभे राहा. कोट मी स्वतःच काढून देणार आहे, आणि तो परत मागायची मला मुळीच घाई नाही.

इल्वा